झाकण लागल्यावर

बाबांनी माझा केस वाळवायचा ड्रायर मागितला तेव्हा मी दात घासत होते. तोंडात फेस, म्हणून नुसती मान हलवली, आणि त्यांनी ती होकाराची धरली. खरं तर मला विचारायचं होतं की मागच्या वेळी नेलेला परत आणलात का, कारण तो मला कितीतरी दिवस सापडत नव्हता. तो वरच होता, गच्चीच्या दाराआडच्या खोक्यात, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी दर वेळी ते रीतसर मागायचे. दुर्बिणीच्या भिंगावर दव धरलं की त्याला गरम वारा द्यावा लागतो; ड्रायर माझा, म्हणून परवानगी माझी. दिवस साधा होता. इतका साधा की आता त्याच्यात मी काहीतरी धुंडाळत राहते, जसं आपण रिकाम्या खिशात पुन्हा पुन्हा हात घालतो. सकाळी नळाला गढूळ पाणी आलं. बाबांनी ग्लास उजेडात धरला, फिरवला आणि ओशाळल्यासारखे म्हणाले, ‘आमच्या वेळी असं नव्हतं.’ ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचे. शहराच्या पोटातला प्रत्येक नळ त्यांनी कधी ना कधी कागदावर ओढला होता, आणि निवृत्त होऊनही गढूळ पाण्याची लाज त्यांनाच वाटायची. मी म्हटलं, ‘गाळून घेते.’ ते म्हणाले, ‘हवा बघितलीस? आज आकाश स्वच्छ राहणार.’ मी म्हटलं, ‘बघितली.’ मी बघितली नव्हती. मग मी कामाला गेले.

माझं काम आवाजाचं. आमच्याकडे पुस्तकं मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करतात, आणि वाचणाऱ्याच्या खोकल्यापासून पान उलटल्याच्या खसखशीपर्यंत जे पुस्तकात नाही ते मी काढून टाकते. त्या दिवशी एका जाडजूड कादंबरीचं वाचन चालू होतं. वाचणाऱ्या बाईंचं पोट दुपारभर गुरगुरत होतं, नेमकं प्रेमाच्या प्रसंगांत, आणि ते गुरगुरणं वाक्यांतून उपटण्यात माझी संध्याकाळ झाली. बाई निघून गेल्यावर मी नेहमीप्रमाणे रिकाम्या खोलीचा आवाज घेतला. खोलीत कुणी नसलं तरी तिला स्वतःचा असा एक आवाज असतो. गादीसारखा, राखाडी. तो वेगळा घेऊन ठेवला की नंतर शब्दांमागून वजा करता येतो. पहिल्यांदा हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं होतं. ‘म्हणजे तूही झाकणाचे फोटो काढतेस की,’ म्हणाले. मला वाटतं, माझ्या नोकरीचं त्यांना त्याच दिवशी पटलं.

झाकणाचे फोटो म्हणजे अंधाराचे फोटो. कॅमेऱ्याला अंधारातही काहीतरी दिसतं. जे नाही ते दिसतं, लाल-निळे ठिपके, भलत्या जागी. थंडी कमी-जास्त झाली की ठिपके बदलतात. म्हणून आकाशाचे फोटो काढून झाले की त्याच थंडीत, दुर्बिणीवर झाकण घालून, तितक्याच वेळाचे आणखी काही फोटो काढायचे. नुसत्या काळोखाचे. ते काळोख मग खऱ्या फोटोंतून वजा करायचे आणि उरलेले एकावर एक रचायचे, की चित्र होतं. बाबा नळाच्या भाषेत सांगायचे: ‘इतक्या लांबून येणारा प्रकाश काही धो धो येत नाही. गळक्या नळासारखा येतो. आपण भांडं धरून बसायचं. भांडं हललं की गेलं.’ भांडं हलू नये म्हणून शटर उघडं असताना गच्चीवर कुणी पाऊल उचलायचं नाही. लहानपणी मला तो पुतळ्याचा खेळ वाटायचा. दारात उभं राहायचं, शटर मिटल्याची टिचकी ऐकली की ते ‘चल’ म्हणायचे, मग चार पावलं धावायचं आणि पुन्हा टिचकी वाजायच्या आत जिथं असू तिथं थिजायचं. एक पाय वर असला तर वर. माझं बालपण आठवताना मी बऱ्याचदा अशी अर्ध्या पावलावर उभी असते, आणि डोक्यावर काहीतरी फार हळूहळू फिरत असतं.

आईला पुतळा होता यायचं नाही. ‘मला खाजच सुटते,’ ती म्हणायची, ‘सगळ्या अंगाला. तुमचं झाकण लागलं की हाक मारा.’ झाकण लागलं की दुर्बीण हलली काय आणि नाही काय, दिवा लावला तरी चालायचा. मग बाबा जिन्यात वाकून हाक द्यायचे, ‘झाकण लागलं गं,’ आणि आई गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून वर यायची, आणि अंधाराचे फोटो संपेपर्यंत अखंड बोलायची. दिवसभराचं सगळं. कोण भेटलं, कोण भेटलं असतं तर बरं झालं असतं, कुठलं दुकान बंद पडलं. बाबा ऐकायचे. मधूनमधून कॅमेरा टिचकायचा, जणू तोही हुंकार देत होता. त्यात झाकण तिचंच होतं. दुर्बिणीचं मूळचं झाकण एका वादळी संध्याकाळी कठड्यावरून गेलं ते गेलंच, आणि नवं मिळेपर्यंत म्हणून बाबांनी दुधाच्या पातेल्याचं झाकण लावून बघितलं. ते असं बसलं की नवं आणायचा विषय संपला. फक्त त्याची चकाकी आड येत होती. तेव्हा आईनं आपल्या जुन्या काळ्या कोटाची मखमली कॉलर उसवली आणि ती आतून चिकटवून दिली. वर म्हणाली, ‘आता दूध कशानं झाकू, तुमच्या सप्तर्षींनी?’ पुढे कितीतरी दिवस ती सकाळी वर जाऊन झाकण मागायची. नुसती मागायची. त्या मखमलीसकट ते तिला घ्यायचं नव्हतं.

त्या रात्री मी चहा घेऊन वर गेले. जिना चढताना कप एकमेकांवर किणकिणतील असे धरले, चपला मुद्दाम फटफट वाजवल्या. ही माझी आई गेल्यानंतरची सवय, आणि तिचं कारण मी बाबांना कधी सांगितलं नाही. दारात थांबले. टिचकी. ‘चल.’ चार पावलं. बाबा उलट्या बादलीवर बसले होते, कानटोपीत, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि दुर्बिणीची मोटार कापूस पिंजल्यासारखा बारीक आवाज करत पृथ्वी जितकी फिरेल तितकी तिला उलटी फिरवत होती. सप्तर्षींच्या शेपटाखाली एक दीर्घिका आहे, ताऱ्यांचं अख्खं गाव. भोवऱ्यासारखी मोठी, आणि तिच्या कडेला चिकटलेली एक लहान. बाबा त्या जोडीला बोटधरी म्हणायचे. गेले काही महिने ते तिच्या मागे होते. कधी ढग आले, कधी समोरच्या दंतवैद्याकडे पाहुणे, म्हणजे त्याच्या गच्चीतला दिवा चालू. ‘आज पुरं होईल,’ ते अगदी हळू म्हणाले. शटर उघडं असताना ते तसेच बोलायचे, शब्दांनीही भांडं हलेल असे. चहावरची वाफ वर गेली आणि दिसेनाशी झाली. मला झोप येत होती. मी खाली जाते म्हणणार इतक्यात मोटार थांबली. बॅटरी उतरली होती, आणि कॅमेराही तिच्यावरच चालायचा. बाबांनी मान हलवली, तारा गुंडाळल्या, पाण्याच्या टाकीवरच्या थर्मामीटरकडे बघितलं. त्यांच्या कचेरीतून भंगारात निघालेलं ते एक मोठं तबकडीचं थर्मामीटर, काटा पाचाच्या किंचित खाली. ‘आकाश मिळालं,’ ते म्हणाले, ‘झाकण राहिलं. उद्या अशीच थंडी पडली तर काढू.’ मी म्हटलं, ‘काढू.’ जिना उतरताना त्यांनी पुढे जाऊन माझ्यासाठी दिवा लावला.

सकाळी ते केस कापायला गेले. मी स्टुडिओत पोचतच होते तेव्हा सलूनवाल्याचा फोन आला. ‘ताई,’ तो म्हणाला, ‘साहेब उठत नाहीयेत.’ मला आधी हसूच आलं, कारण बाबा त्याच्या खुर्चीत नेहमी झोपायचे. दुर्बिणीची रात्र झाली की दुसऱ्या दिवशी डोळा कुठंही लागायचा. सलूनवाला पुढे एकदा घरी आला तेव्हा दारातच उभा राहून बोलला. ‘मी हळू कापत होतो, झोपमोड नको म्हणून. मान कलली ती मी नेहमीसारखी सरळ केली. मग कळलं. डॉक्टरांना फोन केला, तुम्हाला केला. आता येईपर्यंत काय करायचं. मागचे थोडे राहिले होते.’ तो आपल्या हातांकडे बघत होता. ‘तेवढे पुरे केले, ताई. सरळ आलेत. अर्धवट कसं पाठवायचं माणसाला.’ मी त्याला आत या म्हटलं. तो आला नाही. मी पाहिलं होतं: मानेवरची रेघ सरळ होती. कानामागे एक केस चिकटलेला होता तो मी काढला होता. त्या सगळ्या दिवसातलं हे एवढंच मला स्वच्छ आठवतं, बाकीचं खोलीच्या आवाजासारखं राखाडी.

आत्या आली ती राहिली. बाबांची ही धाकटी बहीण दुःख झालं की भांडी घासते. घासलेली पुन्हा घासते. ‘तू खाल्लंस का’ आणि ‘हे कुठं ठेवू’ या दोन प्रश्नांवर आम्ही तो काळ काढला. बाबांचे आकाशाचे फोटो मी घड्याळकाकांना देऊन टाकले. घड्याळकाका म्हणजे बाबांचे मित्र, त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे, आणि चित्रं जोडण्याचं काम बाबा त्यांच्यावर सोपवायचे. स्वतःला धीर निघत नाही म्हणायचे. काकांचा फोन आला तेव्हा हवा उबदार झाली होती. खिडक्या उघड्या ठेवता येत होत्या. ‘पोरी, बोटधरी फार छान आलीय,’ ते म्हणाले. ‘त्या लहानीचा हातसुद्धा दिसतोय. पण ठिपके आहेत ग सगळीकडे, गोवर आल्यासारखे. झाकणाचे कुठायत?’

‘राहिले.’

‘त्यानं राहू दिले?’

‘बॅटरी गेली. दुसऱ्या दिवशी काढणार होते.’

त्यांच्या मागे दुकानातली घड्याळं आपापल्या गतीनं चालली होती. ‘हरकत नाही,’ मग ते म्हणाले. ‘एक कर. दुर्बीण-बिर्बीण काही लावू नकोस. कॅमेऱ्याच्या तोंडाला टोपण बसव आणि फ्रिजमध्ये ठेव. थंडी जुळली की काढ फोटो. कॅमेऱ्याला काय कळतंय, वर आकाश आहे की कोबी.’ मी बरं म्हटलं. ते खरंच होतं. मी फ्रिजचा एक कप्पा रिकामा केला, कॅमेरा हातात घेतला, आणि आत बघत उभी राहिले. आत तो पिवळा दिवा, भाजीचा थंड वास, मोटारीची घरघर. आत्या मागून म्हणाली, ‘काय हवंय?’ मी म्हटलं, ‘काही नाही.’ ‘मग दार लाव, गारवा जातो सगळा.’ मी दार लावलं. काही दिवस कॅमेरा माझ्या टेबलावर पडून होता. रात्री जाग आली की त्याचा आकार दिसायचा, बसलेल्या मांजरासारखा. फोटो काढायचे म्हणजे फ्रिजसमोर बसायचं, आणि फ्रिजसमोर बसून काय बोलणार, हा विचार माझ्या डोक्यात आला तेव्हा मी स्वतःच दचकले. बोलायचं आहे असं मी कुठं ठरवलं होतं?

मग जाता जाता थंडी पुन्हा वळली. परत यावं तसं, काहीतरी विसरून राहिलेलं न्यायला. स्टुडिओतला चहावाला म्हणाला, ‘आज एकच रात्र आहे, उद्यापासून उन्हाळाच समजा.’ मी लवकर घरी आले. वर जाऊन टाकीवरचा काटा बघितला. तो उतरत होता. दाराआडचं खोकं उघडलं. ड्रायर होता. बॅटरी, तारा, वाळू भरलेला मोजा. वजनाचा तुकडा कमी पडतो म्हणून बाबा तो दांड्याला लटकवायचे. झाकण नव्हतं. खोकं मी पालथं केलं. बादलीखाली पाहिलं, टाकीमागे पाहिलं, कठड्याबाहेर वाकून पाहिलं. खाली आले तर स्वयंपाकघरात दूध तापून गार व्हायला ठेवलेलं आणि त्याच्यावर ते होतं. लख्ख. दोन्ही बाजूंनी लख्ख. मी ते उचललं आणि उलटं केलं. आतून दुधाचे थेंब ओघळले.

‘आत्या, हे तू वरून आणलंस?’

‘अगं, खोक्यात पडलेलं. घरात एक झाकण धड नाही आणि हे तिथं धूळ खातंय. आतून कसलंतरी फडकं डकवलेलं होतं, खरवडता खरवडता माझी नखं गेली.’

‘ते दुर्बिणीचं झाकण आहे.’

‘दुधाच्या पातेल्याला बरोब्बर बसतंय की.’

‘ते बसणारच, आत्या.’

ती हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघू लागली. मला ओरडायचं होतं असं नाही. मला नक्की काय करायचं होतं ते मला कळत नव्हतं. मी नुसती त्या थेंबांकडे बघत होते. ती ओल्या हातांनी तशीच बाल्कनीत गेली आणि दोरीवरचं एक काळं फडकं घेऊन आली. ‘टाकलं नाहीये,’ ती म्हणाली. ‘धुतलंय. चांगलं कापड दिसलं म्हणून ठेवलं.’ मग तिनं ते दिव्याखाली धरलं, अंगठ्यानं त्याच्यावर उलटं-सुलटं चोळलं, मखमल एकदा काळी झाली, एकदा राखाडी. ‘थांब. ही वहिनीच्या कोटाची कॉलर ना? स्टेशनवर मला सोडायला आली होती तेव्हा घातलेला तो कोट. गाडी हलली तरी बोलतेय, बोलतेय. मी आतून हातानं सांगतेय, अगं ऐकू येत नाही, तर ही काचेवर बोलतेय.’ आत्या हसली आणि हसता हसता तिथल्याच स्टुलावर बसली. ‘दादानं ही चिकटवून घेतली?’

‘तिनंच चिकटवून दिली.’

‘आणि मी खरवडली. काय माझे हात तरी.’

या घरात आईबद्दल कुणी इतकं बोलून कितीतरी वर्षं झाली होती. आई गेली त्यानंतर बाबा आणि मी तिच्या वस्तू हलवल्या नाहीत आणि तिचं नावही हलवलं नाही; दोघंही दारात अर्ध्या पावलावर थांबलो होतो, ‘चल’ कुणी म्हणालंच नाही. आत्यानं गोंदाची बाटली शोधली. आम्ही दोघींनी ओट्यावर वाकून ती मखमल पुन्हा झाकणाला लावली. धुतल्यामुळे ती थोडी आटली होती, कडेला बारीकशी चंद्रकोर उघडी राहिली. आत्या म्हणाली, ‘तेवढ्यानं चालेल?’ मी म्हटलं, ‘वरून काळा कपडा बांधीन.’ ‘जेवून जा,’ ती म्हणाली. आणि मी दारात पोचल्यावर, ‘कानाला बांध काहीतरी. बापावर जाऊ नकोस.’

गच्चीवर मी तिकाटणं उघडलं. त्याच्या तीन पायांसाठी बाबांनी फरशीवर तीन खळगे कोरले होते. पाय त्यांत आपोआप गेले. लोखंड इतकं गार होतं की ओलं वाटत होतं. ध्रुवतारा अँटेनाच्या शेजारी, तो नेहमी तिथंच असतो, एवढ्या मोठ्या आकाशात तेवढा एकच शेजारी भरवशाचा, असं बाबा म्हणायचे. दुर्बीण चढवली, दांड्याला वजन, वजनाला मोजा. हात सोडला. दुर्बीण जागच्या जागी तरंगली. ना इकडे झुकली, ना तिकडे. याच क्षणी बाबा हलकेच ‘हं’ करायचे. गच्चीत ते ‘हं’ नव्हतं, पण त्याची जागा होती, शब्द कापून काढल्यावर ध्वनिमुद्रणाच्या पट्टीवर राहते तशी. हे सगळं करायची गरज नव्हती हे मला माहीत होतं. कॅमेऱ्याला काय कळतंय. तरी मी खिशातून फोन काढला आणि समोरच्या दंतवैद्याला लावला, कारण दुर्बीण लागली की दंतवैद्याला फोन, हा पुढचा टप्पा होता.

‘डॉक्टर, मी समोरच्या घरातून बोलतेय.’

‘बोला ताई. सगळं ठीक ना?’

‘ठीक. तुमचा तो गच्चीतला दिवा. थोडा वेळ बंद करता येईल?’

तिकडे कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. ‘काकांची दुर्बीण लावलीत?’ त्यांचा आवाज एकदम खाली आला, जणू शटर उघडंच होतं. ‘करतो ना. पोरगा अभ्यासाला बसलाय तिथं, त्याला तेवढंच निमित्त. काका मला नेहमी म्हणायचे, डॉक्टर, तुम्ही दातांत उजेड पाडा, आकाशात नको.’ समोरचा दिवा गेला. काळोख एक पाऊल पुढे आला आणि त्यातून तारे वर आले, पाण्यात बुडवलेली वस्तू सोडल्यावर येते तसे. ‘काय दिसतंय?’ त्यांनी विचारलं. झाकण घालून फोटो काढायचेत, दिव्याचा काही संबंध नाही, हे आता कसं सांगणार. मी म्हटलं, ‘अजून काही नाही.’ ‘दिसेल, दिसेल,’ ते म्हणाले आणि फोन ठेवला.

एका माणसानं दिवा घालवला होता. तो काळोख फुकट कसा घालवायचा. म्हणून मी सप्तर्षी शोधले, शेपटापाशी आले, दुर्बीण त्याच्या खाली नेली आणि एक फोटो लावला. टिचकी. मी बादलीवर बसले. गुडघ्यांवर हात. मोटार कापूस पिंजत होती. अंगाला खाज सुटली, सगळ्या अंगाला, आणि मला वाटलं, हे मला आईकडून आलेलं इतकी वर्षं मी कुठं लपवलं होतं. मी हलले नाही. खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकल हातात धरून चाललं होतं, तिच्या चाकाचा टिकटिक आवाज कोपऱ्यापर्यंत गेला. थंडी कानातून आत शिरून दाढेत बसली. वर काहीच हलत नव्हतं, आणि सगळं हलत होतं. लोक बाबांना म्हणायचे, किती जुना प्रकाश हो, तिथलं आता काही उरलंही नसेल. बाबांना हे बोलणं आवडायचं नाही. ‘आत्ता पोचतोय ना,’ ते म्हणायचे, ‘मग आत्ताचाच.’ टिचकी. पडद्यावर एक धुरकट गोळा आणि त्याच्या कडेला दुसरा लहान. तारे थोडे लांबट झाले होते, बाबांच्या भाषेत अळ्या. कुठंतरी माझं काहीतरी हललंच होतं. पण लहानीनं धरलेलं बोट दिसत होतं.

मग मी झाकण उचललं. ते हातात असताना मला तो जिना आठवला. आठवला म्हणजे काय, तो कधी लांब नव्हताच. तेव्हा आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. बाबांनी दुर्बीण लावली म्हणून मला त्यांचा रागही आला होता, आणि तो कुठं ठेवायचा कळेना म्हणून मी चहा केला होता. अनवाणी होते. शेवटच्या वळणावर पोचले तेव्हा वरच्या दारात बाबा आले आणि अंधाऱ्या जिन्यात वाकून म्हणाले, ‘झाकण लागलं गं.’ मला वाटलं, मलाच. मी पाऊल उचललं. पण त्यांनी माझी वाट बघितली नाही. आई चढायला जितका वेळ घ्यायची तितकाच वेळ थांबले आणि मग म्हणाले, ‘ये. बस अशी.’ आणि बोलू लागले. ते, जे कधी बोलायचे नाहीत. टाकीचा नळ बदलला. कोपऱ्यावरचं लोकरीचं दुकान बंद पडतंय. पोरगी नीट जेवत नाही, तुझ्यासारखी बोलतही नाही, माझ्यासारखी झालीय, काय करू. मधूनमधून कॅमेरा टिचकत होता. मी पायरीवर बसले. भिंतीला डोकं टेकवून सगळं ऐकलं, चहावर साय धरेपर्यंत. मग उठून आवाज न करता खाली आले, चहा मोरीत ओतला आणि कप धुऊन पालथे घातले. दुसऱ्या खेपेपासून मी चपला वाजवत जाऊ लागले, कप किणकिणवत, म्हणजे त्यांना आधी कळावं. ते बोलणं थांबवायचे. मी वर पोचले की बादली माझ्याकडे सरकवायचे आणि म्हणायचे, ‘झाकण लागलंय. बोल आता काहीतरी.’ मी म्हणायचे, ‘काय बोलू?’ ते म्हणायचे, ‘काहीही.’ मी स्टुडिओतल्या बाईंच्या पोटाचं सांगायचे. ते हसायचे. तिघांनी बसावं अशा त्या जागी आम्ही दोघं दोन बाजूंना बसायचो आणि मधली जागा दोघंही मोकळी ठेवायचो.

झाकण मी दुर्बिणीच्या तोंडावर दाबून बसवलं. जरा फिरवलं की ते बसल्याचं बोटांना कळतं. चंद्रकोरीवरून काळा रुमाल बांधला. टाकीवरचा काटा पाचाच्या किंचित खाली आला होता. मी कॅमेरा लावला, टिचकी वाजली, आणि आत काळोख भरू लागला, जो त्या रात्री राहिला होता तो. मी उठले. आता चालायला हरकत नव्हती. चपला गच्चीच्या मधोमध काढून ठेवल्या आणि अनवाणी दारापर्यंत गेले. फरशी सुरीसारखी गार होती. खाली आत्याच्या खोलीतला दिवा जिन्याच्या तळाशी पडला होता, त्याच्यावरच्या पायऱ्या अंधारात होत्या, शेवटचं वळणही. मी वाकले.

‘झाकण लागलं,’ मी म्हणाले.

आई चढायला जितका वेळ घ्यायची तितकी थांबले. मग येऊन बादलीवर बसले, मधली जागा सोडून. तोंडातून वाफ निघाली, रुंद झाली आणि गेली. कॅमेरा टिचकला. मी मोठ्यानं, दिवसाउजेडी बोलावं इतक्या मोठ्यानं म्हणाले, ‘बाबा, त्या रात्री मी जिन्यात होते. चहा घेऊन आले होते. तुम्ही बोलत होतात ते सगळं ऐकलं.’ आवाज चिरकला तो मी खाकरून काढून टाकला नाही. ‘मलाही वर यायचं होतं. मलाही आईशी बोलायचं होतं.’